माशाच्या डोक्यात काय लिहायचं

माशाच्या डोक्यात काय लिहायचं, यावरच आमचा पहिला तास गेला.

फिशबोन कधी काढला नसेल त्यांच्यासाठी सांगते. फळ्यावर आडवी रेघ ओढायची, तो माशाचा कणा. उजव्या टोकाला चौकोन, ते डोकं. डोक्यात प्रश्न लिहायचा आणि कण्याला तिरके काटे जोडायचे: माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण. मग एकेका काट्यावर कारणं टांगत जायची. जपानच्या काओरू इशिकावांची ही रीत पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात इतकी मुरली आहे की शाफ्टचा व्यास वीस मायक्रॉनने वाढला तरी कुणीतरी मार्कर उचलून मासा काढायला लागतं.

त्या दिवशी प्रश्न शाफ्टचा नव्हता. सहा महिन्यांत आमच्या दोन नंबरच्या लाइनवर आठ डिप्लोमावाल्या मुली ट्रेनी म्हणून लागल्या होत्या आणि पाच सोडून गेल्या होत्या. त्या पाचांतल्या एकीनेही तीन महिने भरले नव्हते. वरून विचारणा झाली होती, कारण शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनच्या कामावर, मुलींचं प्रमाण वाढवायचं असं त्या वर्षी ठरलं होतं. एचआरच्या मुलाने चौकोनात लिहिलं, ‘मुली टिकत नाहीत.’

मी म्हटलं, हे आधी पूस.

मी क्वालिटीत आहे, सव्वीस वर्षं झाली. कस्टमरची तक्रार आली की आम्हाला एट-डी भरावा लागतो, आठ पायऱ्यांचा कागद. त्यातली दुसरी पायरी म्हणजे प्रश्नाचं वर्णन: काय, कुठे, केव्हा, किती. त्यात कारण घुसवायचं नाही आणि दोष कुणाच्या माथी मारायचा नाही. ‘मुली टिकत नाहीत’ या तीन शब्दांत दोन्ही होऊन गेलं होतं. वाचणाऱ्याला पुढे काही शोधावंसंच वाटलं नसतं. प्रॉडक्शनचे साहेब म्हणालेच, ‘अहो मॅडम, कुणाचं लग्न ठरलं असेल, कुणाच्या घरचे नको म्हणाले असतील. पोरींचं असंच असतं.’ मी विचारलं, ‘रिजेक्शनच्या रिपोर्टवर ऑपरेटरचा निष्काळजीपणा असं कारण लिहिलं तर कस्टमर घेतो का?’ ते गप्प बसले. महिन्याभरापूर्वीच त्यांचा तसा एक कागद परत आला होता.

हा नियम मला मनापासून प्रिय आहे. भोसरीतल्या माझ्या पहिल्या साहेबांनी तो शिकवला. ऑपरेटरने पार्ट उलटा बसवला, तर पहिला प्रश्न असा की तो उलटा बसतोच कसा? फिक्स्चरला, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्याला, एक पिन वाढवा, बसणारच नाही. याला पोका-योके म्हणतात. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो आधी त्याला बाका-योके म्हणत, म्हणजे मूर्खाच्या हातूनही बिघडू नये अशी सोय. १९६०च्या दशकात जपानमधल्या एका कारखान्यात हे नाव कानावर पडल्यावर एका कामगार मुलीला रडू कोसळलं, आपण काय मूर्ख आहोत का म्हणून. शिंगोंनी शब्द बदलला. पोका म्हणजे नकळत झालेली चूक. कारखान्या-कारखान्यांत आज चालणारा हा शब्द एका दुखावलेल्या मुलीमुळे आला आहे, हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते.

तर तासाभराने चौकोनात असं लिहिलं गेलं: ‘दोन नंबर लाइनवर जानेवारी ते जूनमध्ये रुजू झालेल्या ८ मुलींपैकी ५ जणी ९० दिवसांच्या आत गेल्या. त्याच लाइनवर त्याच काळात आलेल्या ११ मुलांपैकी १ गेला.’ लिहून झाल्यावर खोलीत सगळे त्या दुसऱ्या वाक्याकडे बघत राहिले. मुलांचा आकडा शेजारी ठेवून तोवर कुणी पाहिलाच नव्हता.

काटे भरायला फार वेळ लागला नाही. दुसरी शिफ्ट सुटल्यावर बस मुलींना चाकणच्या आंबेठाण चौकात सोडायची, तिथून खोलीपर्यंत अंधारातून पायी. सेफ्टी शूज सात नंबरच्या खाली यायचेच नाहीत, मुली आत दोन-दोन मोजे घालायच्या. वरचा रॅक उंच पुरुषाच्या हाताने बेतलेला. आणि टॉयलेट.

टॉयलेट लिहिताना माझा मार्कर थांबला.

१९९८ साली मी भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले तेव्हा शॉपवर मी एकटी बाई होते. लेडीज टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. जाऊन यायला बारा मिनिटं. कुणी अडवत नसे, पण उठले की सुपरवायझर घड्याळाकडे पाहायचे. मी सकाळी निघताना पाणी पिणं बंद केलं. दुपारी डब्याबरोबर अर्धा पेला. एप्रिल-मेमध्ये, फर्नेसच्या शेजारच्या टेबलावर गेजिंग करताना, म्हणजे गेज लावून पार्टची मापं तपासताना, ओठ फुटायचे. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, दोन्ही वेळा सुट्टीच्या अर्जावर मी ‘ताप’ लिहिलं. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात तेव्हाही स्पष्ट लिहिलेलं होतं की स्वच्छतागृह सोयीच्या जागी हवं, कामगाराला कोणत्याही वेळी जाता यायला हवं आणि बायकांचं वेगळं, बंदिस्त हवं. मला ते कलम माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी तोंड उघडलं असतं असं वाटत नाही, मला नोकरी टिकवायची होती. आणि मी टिकले. पुढची कितीतरी वर्षं मी हे नव्या मुलींना सांगत आले, आम्ही कसे दिवस काढले, तुम्हाला तर किती सोयी आहेत.

‘का?’ ‘का?’ विचारत मूळ कारणापर्यंत जायचं, याला आम्ही व्हाय-व्हाय म्हणतो. त्याचे दोन धागे असतात. पार्ट खराब का झाला हा एक. आणि खराब पार्ट आपल्याला सापडला का नाही, पुढे निसटला कसा, हा दुसरा. लोक पहिला धागा जीव ओतून भरतात आणि दुसऱ्यावर ‘तपासणी कडक करू’ लिहून मोकळे होतात. त्या दिवशी दुसऱ्या धाग्याचं उत्तर मी होते. मुलींचं काही दुखत असेल तर या प्लँटमध्ये ते जिच्या सर्वांत आधी लक्षात यायला हवं होतं, तिने स्वतःचं दुखणं कर्तबगारी म्हणून सांगितलं होतं. माझ्याकडे येऊन ‘टॉयलेट लांब आहे’ म्हणायची कुणाची हिंमत झाली असती? मी हे मीटिंगमध्ये बोलले, बोलताना आवाज कापला. मग मार्करने लिहिलं, ‘गेजचं कॅलिब्रेशन चुकलेलं’, म्हणजे मापायचं साधनच चुकीचं दाखवतंय, आणि कंसात माझं नाव.

पण हिशेब अजून जुळत नव्हता. टॉयलेट, बस, शूज हे आठही जणींना सारखंच होतं. मग तिघी राहिल्या कशा?

अशा वेळी ‘आहे’ आणि ‘नाही’ असा तक्ता करतात. दोष कुठे आहे, आणि असू शकला असता तरी कुठे नाही. केपनर आणि ट्रेगो या दोघांनी ही रीत मांडली. दोन रकान्यांत जो फरक दिसेल त्याच्या आसपास कारण असतं. ‘आहे’मध्ये गेलेल्या पाच, ‘नाही’मध्ये राहिलेल्या तीन. शिफ्ट सारखी. मशीन त्याच. बीड, लातूर, परभणी, सोलापूर दोन्हीकडे मिसळलेले. डिप्लोमाचे मार्क गेलेल्यांचे थोडे जास्तच. नोकरी सोडताना भरायच्या एक्झिट फॉर्मवर पाचही जणींचं कारण एकच, ‘घरगुती’, आणि अक्षरही एकाच माणसाचं. राहिलेल्या तिघींना बोलावलं तर त्या टेबलाच्या कडेकडे बघत ‘सगळं चांगलंय मॅडम’ म्हणाल्या. फरकाचा रकाना आठवडाभर कोरा राहिला.

मग मी गेलेल्यांपैकी एकीला फोन केला. दोनदा तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, रविवारी चाकणला मैत्रिणीच्या खोलीवर येणार आहे, तेव्हा बघू.

तळेगाव चौकाजवळच्या एका हॉटेलात आम्ही बसलो. ती आता रांजणगावला लागली होती, पगार थोडा कमीच. चहा समोर आला, त्यावर साय धरली, तरी ती कपाचा कान धरून बसली होती. मी इकडचं तिकडचं विचारत राहिले. मग तीच म्हणाली, ‘मॅडम, आमच्या टेबलावर डबे मधी ठेवायची पद्धत होती.’

सगळ्या जणी डब्याच्या झाकणात भाजी काढायच्या, झाकणं टेबलाच्या मधोमध आणि जिला जे हवं ते तिने घ्यायचं. पहिल्या आठवड्यात हिचंही झाकण फिरलं. खोलीवर केलेली कारळाची चटणी होती, एकीने तर ‘उद्या जास्त आण’ म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात आयकार्डं आली, त्यावर पूर्ण नाव. शेजारणीने हिचं कार्ड हातात घेऊन वाचलं आणि विचारलं, ‘तुमचं आडनाव हे होय? गाव कुठलं म्हणालीस?’

‘मग?’

‘मग काही नाही. वाईट कुणीच बोललं नाही. फक्त झाकण जसंच्या तसं ऱ्हायला लागलं.’

ती तीन दिवस ठेवत राहिली. चौथ्या दिवशी झाकण मधे सरकवलं तेव्हा समोरच्या मुलीने आपला पाण्याचा पेला उचलून टेबलाच्या पार टोकाला ठेवला. त्या दिवसापासून ही मागच्या जिन्यावर जेवायला लागली, जिथे लोखंडाच्या चुरीचे आणि कटिंग ऑइलचे ड्रम ठेवतात. तशाच आडनावांच्या आणखी दोघी तिच्या मागोमाग आल्या. टेबलावरची एक मुलगी, जिला आडनावाचा काहीच त्रास नव्हता, ती मैत्रिणीसाठी उठून आली आणि मग तिच्याशीही बोलणं बंद झालं. पाचवी मुसलमान, तिला टेबलावर कुणी बोलावलंच नव्हतं, ती पहिल्या दिवसापासून जिन्यावर. माझ्या तक्त्याचा कोरा रकाना तिथे, त्या निवलेल्या चहासमोर भरला.

‘झाकण खोलीवर नेऊन धुताना जास्त वाईट वाटायचं,’ ती म्हणाली. ‘भाजी टाकवत नव्हती.’

मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. ‘काय सांगू मॅडम? माझी भाजी खात नाहीत, अशी तक्रार असते का?’

घरी येताना बसमध्ये मी तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहत होते आणि ते जमत नव्हतं. बाई म्हणून जे सोसलं ते मला माहीत होतं. माझं आडनाव वाचून कुणी कधी पेला सरकवला नव्हता. सव्वीस वर्षं मी ज्या-ज्या टेबलावर डबा उघडला तिथे माझं झाकण रिकामं होऊनच परत आलं, आणि ते माझ्या हाताच्या चवीमुळे, असं मला वाटत होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितल्यावर कुणी काही बोलेना. एचआरचा मुलगा म्हणाला, ‘कल्चरल इश्यू लिहूया.’ प्लँट हेड म्हणाले, ‘हा फळा ऑडिटला दिसतो मॅडम. आणि आपल्याकडे जात-बित काही नाही, आपण कुणाला विचारतसुद्धा नाही.’ मी म्हटलं, ‘विचारावं लागत नाही साहेब, आपण कार्डावर छापून देतो.’ गेजवर जे दिसतं ते लिहायचं, हे आम्ही एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. वाचन नको तसं आलं म्हणून आकडा बदलणाऱ्याला इथे मेमो मिळतो. मग या एका वाचनासाठी वेगळा नियम कसा चालेल? मी ‘जात आणि धर्म’ असं लिहिलं. पण कोणत्या काट्यावर? कुणी म्हणालं ‘माणूस’, कुणी ‘वातावरण’. लाइनचे सुपरवायझर तोवर दाराशी उभे होते. एकोणीस वर्षं झालीत त्यांना इथे. ते म्हणाले, ‘पद्धतीत लिहा. रोजची पद्धतच आहे ती.’ त्यांनी आणखी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पद्धतीत म्हटल्यावर मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडात, नवी कांडी घातली की सुताचं टोक विणकराला भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्या एका कृतीचं निमित्त करून दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊच दिलं जात नसे, आणि मजुरी तर तिथेच चांगली. १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हे लावून धरलं की बाकीच्या मागण्यांबरोबर सगळी खाती सगळ्यांना खुली करा. क्वालिटीच्या डोळ्यांनी मी ते वाचते तेव्हा माझा जीव त्या धोट्यावर अडकतो. अनेकांनी एकाच लाकडाला तोंड लावायचं ही पद्धत कुणाच्याच छातीला बरी नव्हती. बदलायला हवी होती ती. त्याऐवजी माणसं बाहेर ठेवली गेली.

प्लँट हेड आकड्यांचे माणूस आहेत, म्हणून त्यांच्यासाठी मी एक अभ्यास शोधून नेला. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाला बोलावणं येण्याची शक्यता १ धरली तर तितक्याच शिकलेल्या दलित नावाचं गुणोत्तर ०.६७ आलं आणि मुस्लिम नावाचं ०.३३. तेही मुलाखतीच्या आधी, कुणी कुणाचं तोंडही पाहिलेलं नसताना. साहेबांनी चष्मा काढून कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘याची एक प्रत मला दे.’

त्याच आठवड्यात मी साडेबाराच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जाऊन नुसती उभी राहिले. जिथे घडतं त्या जागेला जपानी लोक गेंबा म्हणतात, तिथे जाऊन बघायचं असतं. अकरा वर्षं मी त्याच खिडकीतून चहा घेत होते. त्या दिवशी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, ग्रिलच्या खाली, फरशीच्या तुकड्यावर पालथे घातलेले दोन कप दिसले. एक प्लास्टिकचा, त्याचा कान तुटलेला. दुसऱ्याच्या कडेचा टवका उडालेला. आत रॅकवर शंभरेक स्टीलचे पेले ओळीने. हाउसकीपिंगच्या मावशी फडकं पिळत होत्या. मी विचारलं, ‘मावशी, हे कुणाचे?’

‘आमचेच की ताई. आमचे आम्ही धुतो.’

‘तुम्हाला कुणी सांगितलं वेगळे ठेवायला?’

त्यांनी आठवून पाहिलं. ‘कुणी नाय सांगितलं. आधीच्या मावशींनी दाखवलं, हितं ठेवायचे म्हणून.’

आमच्याकडे प्रत्येक कामाची लेखी सूचना मशीनवर लॅमिनेट करून लावलेली असते, तिच्यावर तारीख आणि सही असते. ही सूचना कुणी लिहिली नव्हती, कुणाची सही नव्हती, आणि तरी ती एका मावशीकडून दुसऱ्या मावशीकडे जराही न चुकता पोहोचली होती. चाकणहून तीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाळेत असताना मी त्यावर दहा ओळी लिहिल्या होत्या, बाईंनी त्या वर्गात वाचून दाखवल्या होत्या. तो कान तुटलेला कप हातात धरून मला त्या दहा ओळी आठवत राहिल्या.

टोयोटाच्या तैइची ओनोंचं पाच वेळा ‘का’ विचारण्याचं उदाहरण आमच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असतं. मशीन बंद का पडलं? लोड वाढून फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसं मिळालं नाही. का? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? जाळी नव्हती म्हणून धातूची चुरी आत गेली. पहिल्या ‘का’ला थांबलात तर फ्यूज बदलत बसाल. आम्ही आमची साखळी तशीच लिहून पाहिली आणि पाचव्या ‘का’च्या पुढे ती प्लँटच्या कंपाउंडबाहेर गेली: घरात, गावात, सोयरिकीत, खोली भाड्याने देताना ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणणाऱ्या घरमालकापर्यंत. तिथे आमचं कुणाचं काही चालणार नव्हतं. एक जण म्हणाला, मग सोडून द्या, हे समाजाचं आहे. पण ओनोंनी तरी चुरी कुठे बंद केली होती? लोखंड कापलं की चुरी होणारच. त्यांनी जाळी लावली. मग आम्ही असं शोधायला लागलो की बाहेरचं हे आमच्या आत नेमकं कुठून येतं.

एक जागा लगेच सापडली. पहिल्या दिवशी लाइनवर ओळख करून द्यायची पद्धत: नाव, आडनाव, गाव, आणि वर कुणीतरी हौसेने ‘पाहुणे कुठले?’ हे बंद केलं. आता नाव आणि कोणत्या मशीनवर हात बसलाय एवढंच विचारतात. दुसरी जागा आयकार्ड. कार्डावरून आडनावच काढून टाकायचं, फक्त पहिलं नाव आणि नंबर ठेवायचा असं सगळ्यांनी एका मिनिटात ठरवलं आणि मलाही ते पटलं. मी रांजणगावच्या त्या मुलीला फोन करून सांगितलं, तिला बरं वाटेल म्हणून.

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मॅडम, ते माझ्या आज्ज्याचं आडनाव आहे. माझ्या डिप्लोम्यावर आहे. पेला तिनं सरकवला, आणि पुसायचं माझं नाव?’

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही खराब पार्ट शोधायची सोय काढून टाकून रिजेक्शन शून्य दाखवायला निघालो होतो, हे मला तिने सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. आणि हेही दिसलं की पहिल्या मीटिंगपासून खोलीत आम्ही सहा जण होतो आणि ज्यांच्याबद्दल बोलत होतो त्यांतलं कुणीच तिथे नव्हतं. लाइनवरचा प्रश्न असता तर त्या मशीनच्या ऑपरेटरला सोडून बसायचं मी कधीच खपवून घेतलं नसतं. आडनावं कार्डावर राहिली. पुढच्या मीटिंगपासून राहिलेल्या मुलींपैकी एक आणि हाउसकीपिंगच्या मावशी बसायला लागल्या. मावशी पहिल्या दोन वेळा खुर्चीच्या कडेवर बसल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलं की कॉन्ट्रॅक्टच्या बायकांचे कपडे बदलायच्या खोलीला कडी का नाही. ते आमच्या एकाही काट्यावर नव्हतं.

एक गोष्ट मला शेवटपर्यंत बोचत राहिली, अजूनही बोचते. ‘ऑपरेटरला दोष द्यायचा नाही’ हा माझा लाडका नियम इथे कितपत लावायचा? गेलेल्या मुलींना दोष द्यायचा नाही, हे तर उघडच आहे. पण ज्या हाताने पेला सरकवला तो हात म्हणजे झिजलेला शाफ्ट नव्हे. तिला कळत होतं. राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, तिचं कोणत्याही रूपातलं आचरण हा गुन्हा आहे, १९५५पासून त्यासाठी कायदा आहे, आणि फिशबोन काढला म्हणून त्या सगळ्याला सुट्टी मिळत नाही. रांजणगावच्या मुलीला आम्ही विचारलं, तक्रार करायची आहे का, आम्ही बरोबर उभे राहू. ती नको म्हणाली. तो निर्णय तिचा होता, पण विचारायला आम्हाला चार महिने लागले, त्याची जबाबदारी आमची.

टेबलावरच्या तिघींशी मी एकेकटीने बोलले. एक रडली. दुसरी म्हणाली, ‘मॅडम, घरी कळलं असतं तर आईने कामावरच येऊ दिलं नसतं,’ आणि मला ते खरं वाटलं. पेलेवाली मुलगी काहीच बोलली नाही, हाताची बोटं मोडत बसली. मी तिला रागावले नाही. एवढंच सांगितलं की पाच जणी जिन्यावर कटिंग ऑइलच्या वासात जेवल्या, आणि एकीला भाजी टाकवत नव्हती. ती उठून गेली. तिच्या मनात काय झालं ते मला ठाऊक नाही.

बाकीची कामं कामासारखी झाली. शॉपलगत लेडीज टॉयलेट सहा आठवड्यांत उभं राहिलं. बस आता खोल्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. पाच नंबरचे शूज आले. खिडकीबाहेरचा फरशीचा तुकडा मेंटेनन्सच्या माणसाने छिन्नीने काढला, मी तिथे उभी होते. मावशींचे कप काढून त्यांना रॅकवरचे पेले दिले तर आठवडाभर त्या चहाच पिईनात. मग एके दिवशी सुपरवायझर साहेब दोन पेले भरून घेऊन आले, एक त्यांना दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसून दुसरा स्वतः प्यायले. एक्झिट फॉर्म एचआरच्या हातून काढून घेतला. आता गेलेल्या माणसाला महिन्याने प्लँटबाहेरची व्यक्ती फोन करते, आणि ९० दिवसांचा आकडा रिजेक्शनच्या आकड्याशेजारी त्याच बोर्डावर लागतो. नव्या बॅचच्या सहा मुलींपैकी पाच आहेत. सहावी खरंच लग्न होऊन गेली, आम्ही विचारलं.

टेबलाचं तेवढं सोपं नाही. कोण कुणाशेजारी जेवेल याची लेखी सूचना लावता येत नाही. मी ऑफिसर्सच्या खोलीत जेवणं सोडलं आणि डबा घेऊन तिथे बसायला लागले. पहिले काही दिवस सगळ्या जणी अवघडून बसायच्या, कुणी झाकणंच काढेना. 

एट-डीची आठवी पायरी म्हणजे टीमचं अभिनंदन करून सह्या करायच्या आणि कागद बंद करायचा. एचआरच्या मुलाने तो परवा सहीसाठी आणला होता. मी ठेवून घेतला आणि संध्याकाळी रांजणगावला फोन लावला. मी काय-काय झालं ते सांगत होते, ती हं हं म्हणत होती. मावशींच्या पेल्याचं ऐकून हसली.

‘आणि टेबल?’

‘दोन टेबलं आता एकत्र जेवतात,’ मी म्हटलं. ‘तिसऱ्यावर अजून झाकणं मधे येत नाहीत.’

‘मग तसंच लिहा मॅडम.’

तसंच लिहिलं आहे. सही केलेली नाही.